वायपर मरतो उन्हात, कळतं पावसात: घरच्या घरी ब्लेड बदलायची रीत

वळवाचा पहिला पाऊस येतो तेव्हा आपण नेमके रस्त्यात असतो. धुळीचा लोट उठतो, चार टपोरे थेंब काचेवर आपटतात आणि हात आपसूक वायपरच्या दांडीकडे जातो. सहा-सात महिने जागचा न हललेला तो वायपर एक फेरी मारतो आणि काचेवर चिखलाचं छान सारवण करून ठेवतो. पुढचं काही दिसत नाही. पाच मिनिटांत पाऊस थांबतो, आपण फडक्याने काच पुसतो, ‘बदलायला हवेत’ असं म्हणतो आणि विसरून जातो. मग जून उजाडतो.

मी कऱ्हाडला राहतो आणि सासुरवाडी चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट वर्षातून आठ-दहा वेळा होतोच. कऱ्हाडला भुरभुर असते, पाटण सोडलं की सरी लागतात, कोयनानगरला आभाळ फाटल्यासारखं कोसळत असतं आणि घाटात पाऊस आणि धुकं एकदमच अंगावर येतं. समोरून एसटी वळण घेतेय आणि आपल्या काचेवर बरोबर डोळ्यांच्या रेषेत वायपरने पुसायचा सोडलेला पट्टा आहे, हा अनुभव दोनदा घेतल्यावर मी दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच ब्लेड बदलायला लागलो. जोडीला वीस मिनिटं लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याने पाऊण तास धरावा. पाना-पक्कड काही लागत नाही.

वायपर खराब कशाने होतो

‘माझा वायपर तर नवाच आहे, गेल्या पावसाळ्यात टाकलाय’ असं बरेच जण म्हणतात. गोची इथेच आहे. पाण्यात फिरताना रबर झिजतं हे खरं, पण त्याचा खरा घात होतो तो ऑक्टोबर ते मे या काळात, गाडी उन्हात उभी असताना. वरून ऊन, खालून तापलेली काच आणि मध्ये दाबून धरलेलं रबर. ऊन आणि हवेतला ओझोन मिळून ते कडक करतात, त्याला बारीक भेगा पाडतात.

आणखी एक गोष्ट घडते. ब्लेडच्या काचेकडच्या कडेला रबराची अगदी पातळ धार असते, ओठासारखी. वायपर वर जाताना ती एका बाजूला कलते, खाली येताना पटकन दुसऱ्या बाजूला पलटते. केरसुणी ओढताना तिचे हीर मागे कलतात ना, तसं. ही धार महिनोन्महिने एकाच बाजूला दबून राहिली की त्याच आकारात आखडते. मग जाताना नीट पुसते आणि येताना थडथड उड्या मारते. १९०३ साली अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांनी वायपरचं पेटंट घेतलं तेव्हा तो आतून दांडा ओढून हाताने चालवायचा होता. पुढे मोटर आली, पावसाचा सेन्सर आला. पण काचेला टेकते ती अजूनही रबराची धारच, आणि ती गेली की बाकीचं सगळं शोभेचं.

म्हणून कॅलेंडर पाहू नका, रबर पाहा. ब्लेड उचला आणि धारेवरून बोट फिरवा. मऊ, सरळ आणि अखंड लागली तर ओल्या कापडाने पुसून परत टेकवा, अजून चालेल. खरखरीत लागली, नखाने कलवल्यावर परत सरळ झाली नाही, कुठे तुकडा निघालेला दिसला किंवा टोकाशी रबर पत्तीपासून सुटलेलं असलं, तर बदलायचं. गाडी कायम सावलीत असणाऱ्याचा वायपर दोन पावसाळे काढू शकतो. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असणाऱ्याने दर वर्षीचा खर्च धरून चालावं.

माप: दोन्ही ब्लेड सारखी नसतात

दुकानात जाऊन नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच नावाच्या गाडीची नवी पिढी आली की काच बदलते, काचेबरोबर ब्लेडची लांबी बदलते आणि कधी कधी आर्मचा, म्हणजे ब्लेड धरून फिरवणाऱ्या दांड्याचा, हुकसुद्धा. शिंपी वापरतात ती टेप घ्या आणि ब्लेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. दोन्ही बाजूंची, वेगवेगळी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे बहुतेक गाड्यांत उजवीकडचं ब्लेड लांब आणि डावीकडचं आखूड असतं. काही गाड्यांत दोन्ही सारखी असतात, आणि टाटा नॅनोला तर पुढे एकच वायपर होता.

दुकानात मापं इंचांत बोलतात, खोक्यावर पुष्कळदा मिलिमीटर असतात. १६ इंच म्हणजे ४००, १८ म्हणजे ४५०, २० म्हणजे ५००, २२ म्हणजे ५५०, २४ म्हणजे ६०० मिलिमीटर. ‘एक इंच मोठं टाका साहेब, जास्त पुसेल’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. लांब ब्लेड दुसऱ्या ब्लेडवर किंवा काचेच्या कडेच्या पट्टीवर आपटतं. कधी काचेच्या वळणावर त्याचं टोक अधांतरी राहतं आणि मोटरवर उगाच ताण येतो. एखादा इंच आखूड एक वेळ चालेल, लांब मात्र नाही.

माप घेतानाच आर्म आणि ब्लेड जिथे जुळतात त्या जागेचा मोबाइलवर जवळून फोटो काढा. दुकानदाराला हा फोटो दाखवलात की निम्मे प्रश्न सुटतात. शिवाय नवं ब्लेड बसवताना ‘हे आधी कसं होतं?’ असा प्रश्न पडतोच पडतो.

काय घ्यावं

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. एक जुना, लोखंडी फ्रेमचा, ज्याच्या पंजांमध्ये रबर अडकवलेलं असतं. दुसरा चपटा, फ्रेम नसलेला. याच्या पोटात वाकवलेली स्टीलची पट्टी असते आणि ती पूर्ण लांबीवर सारखा दाब देते. चपटा महाग पडतो. काच जास्त गोलाईची असेल किंवा हायवेवर वेगात बरंच चालवणं होत असेल, तर तो घेण्यात अर्थ आहे, कारण वाऱ्याने उचलला जात नाही. पण जुन्या, सपाट काचेच्या गाडीला फ्रेमवालं ब्लेड उत्तम चालतं. गाडी जुनी असताना केवळ दिसायला छान म्हणून चपटं ब्लेड घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तेवढ्या पैशांत साधी जोडी दर वर्षी बदलता येते, आणि ताजं साधं रबर जुन्या महागड्या रबरापेक्षा केव्हाही बरं पुसतं.

नाव कोणतंही असो, खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. एमआरपीच्या आसपास ते छापलेलं असतं. रबर खोक्यात पडूनही म्हातारं होतं. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काय, स्वस्तात मिळतंय म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचा माल उचलला तर तो पुढच्याच पावसाळ्यात कुरकुरेल.

फ्रेमवाल्या ब्लेडची फ्रेम धड असेल तर नुसतं रबरही मिळतं, त्याला रिफिल म्हणतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी काच

हे काम लोक टाळतात आणि मग नव्या ब्लेडला नावं ठेवतात. वर्षभरात काचेवर डिझेलच्या धुराचा, रस्त्यावरच्या तेलकट तुषारांचा आणि वॉशिंग सेंटरवाल्याने मारलेल्या पॉलिशचा एक पातळ थर बसतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री पावसात समोरून दिवे आले की काच दुधाळ होते, ती याच्यामुळे.

गाडी सावलीत लावा. काच आधी भरपूर पाण्याने धुवा, म्हणजे धूळ निघून जाईल. कोरडी धूळ घासलीत तर ओरखडे तुम्हीच पाडाल. मग कार शाम्पूने धुवा. त्यानंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन मऊ कापडाने पूर्ण काच पुसा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. वायपर जिथे टेकून बसतो ती खालची पट्टी विसरू नका. सगळी माती, पानांचा चुरा आणि झाडाचा चीक तिथेच साठतो. धुतल्यावर पाणी एकसारखं पसरून उतरलं तर काच स्वच्छ झाली. तेलकट बेटं राहिली तर पुन्हा एकदा.

जुनं ब्लेड काढणं

चावी बंद करून खिशात ठेवा. ज्यांच्या गाडीत पावसाच्या सेन्सरवर वायपर आपोआप चालतो त्यांनी तर हे नक्कीच करावं, नाहीतर ओल्या काचेवर हात ठेवताच वायपर चालू होऊन बोटं सापडायची.

आता आर्म उचलून उभा करा. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात आणि उचलायला गेलं की आर्म बॉनेटला घासतो. जबरदस्ती करू नका, रंग उडेल. अशा गाड्यांत वायपर काचेच्या मध्यावर आणून थांबवायची सर्व्हिस पोझिशन असते. बऱ्याच ठिकाणी गाडी बंद केल्यावर लगेच वायपरची दांडी दाबून धरली की ते वर येतात, पण नेमकी रीत गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहा.

आर्म उभा राहिला की लगेच त्याच्या खाली, काचेवर, जाड टॉवेलची चौपदरी घडी ठेवा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. आर्मला जबर स्प्रिंग असते. ब्लेड काढलेला आर्म हातातून सुटला तर त्याचं उघडं लोखंडी टोक हातोडीसारखं काचेवर बसतं. माझं हे झालेलं आहे. तिसऱ्याच वर्षी, ‘आता येतं मला’ या गुर्मीत टॉवेल ठेवला नव्हता. फोन वाजला म्हणून वळलो, कोपराचा धक्का लागला आणि टक् असा एवढासा आवाज आला. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते, म्हणून ती फुटून अंगावर येत नाही. नुसता एक तारा उमटला. चार दिवसांनी उन्हात एसी लावला आणि त्या ताऱ्यातून रेघ निघून पार दुसऱ्या कडेपर्यंत गेली. चारशे रुपयांची ब्लेडं मला काही हजारांना पडली.

आपल्याकडे सर्वात जास्त गाड्यांना हुकवाला आर्म असतो, म्हणजे आर्मचं टोक इंग्रजी यू अक्षरासारखं मागे वळलेलं. ब्लेड आर्मला आडवं होईल असं फिरवा. हुकाच्या वळणात प्लास्टिकचा एक तुकडा बसलेला दिसेल आणि त्याला एक बारीक जीभ असेल. ती जीभ अंगठ्याने दाबून धरा आणि ब्लेड आर्मच्या मुळाकडे, म्हणजे बॉनेटच्या दिशेने, सरकवा. बाहेरच्या बाजूला ओढू नका. नवखे सगळे तिथेच चुकतात आणि प्लास्टिक तोडतात. वर्षाची धूळ बसल्यामुळे पहिल्यांदा हलत नाही. थोडं पाणी सोडा, जरा मागे-पुढे करा. ब्लेड हुकातून खाली सुटलं की तिरकं करून मधल्या फटीतून हुक बाहेर काढा. आता आर्म अलगद टॉवेलवर टेकवून ठेवा. तो तसाच उभा ठेवून नवं ब्लेड आणायला घरात जाऊ नका.

हुक नसेल तर बहुतेक वेळा जोडावर एखादं बटण किंवा दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायच्या खटक्या असतात. त्या दाबून ब्लेड आर्मच्या टोकाच्या दिशेने सरळ ओढलं की निघतं. म्हणजे हुकाच्या बरोबर उलट. कोणता प्रकार आहे ते ओळखेपर्यंत जोर लावू नका. योग्य दिशा सापडली की जोर लागतच नाही.

नवं बसवणं

खोकं उघडल्यावर चपट्या ब्लेडबरोबर प्लास्टिकच्या तीन-चार वेगवेगळ्या क्लिपा निघतात. त्या सगळ्या लावायच्या नसतात. जुन्या जोडाचा फोटो पाहून आपल्या आर्मला बसणारी निवडा. हुकासाठीची क्लिप बहुधा आधीच लावून येते.

रबरावर रंगीत किंवा पारदर्शक प्लास्टिकचं टोपण असतं, ते काढा. हसू नका. टोपणासकट वायपर चालवून ‘कंपनीचा माल पण फालतू’ म्हणणारे किमान दोन लोक माझ्या माहितीत आहेत, त्यातले एक आमचे मेहुणे. रबराच्या धारेला तेलकट बोटं लावू नका आणि ती कशानेही पुसू नका. तिच्यावर सहसा ग्रॅफाइटचा काळसर हात दिलेला असतो आणि तो घसरण्यासाठीच असतो.

चपट्या ब्लेडला वरून उताराची पट्टी असते. वायपर खाली बसलेला असताना तिची सखल कड बॉनेटकडे आणि उंच कड छताकडे आली पाहिजे, म्हणजे समोरचा वारा ब्लेडला काचेवर दाबतो. मग आर्म उचला, हुक ब्लेडच्या फटीतून आत घ्या, प्लास्टिकची क्लिप हुकाच्या वळणात बसवा आणि ब्लेड आर्मच्या टोकाच्या दिशेने ओढा. ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. आला नाही तर बसलेलं नाही. टक् झाल्यावरसुद्धा उलट्या दिशेने हलकेच ढकलून पाहा. वर झाकण असेल तर तेही दाबून बसवा. अर्धवट अडकलेलं ब्लेड घाटात उडून जातं आणि उघडा आर्म पुढच्याच फेरीला काचेवर अर्धवर्तुळ कोरतो.

टॉवेल काढा आणि आर्म हाताने धरून सावकाश टेकवा. मग दुसरी बाजू. दोन्ही ब्लेड एकदम काढू नका. लांब-आखूड अदलाबदल होते.

फक्त रबर बदलायचं असेल तर

फ्रेमचे पंजे सैल नसतील, गंज नसेल आणि सांधे मोकळे हलत असतील, तरच रिफिल घ्या. ब्लेड काढून आडवं धरा. रबराच्या एका टोकाशी खाचा असतात आणि त्यांत शेवटचा पंजा अडकलेला असतो. तिथलं रबर चिमटीत दाबून ओढलं की पंजा सुटतो आणि सगळं रबर सरकत बाहेर येतं. बरोबर स्टीलच्या दोन पातळ पत्त्या निघतात. त्या फेकू नका, नव्या रबरात पुष्कळदा पत्त्या नसतात. जुन्या कशा बसल्या होत्या ते पाहून तशाच घाला: दोन्हींच्या खाचा समोरासमोर, आणि पत्त्यांचा बाक काचेच्या बाजूला. मग रबर एकेका पंजातून ओवत न्या. एकही पंजा चुकवू नका. चुकलेला पंजा काचेला घासतो. कुलूप होणारं, म्हणजे खाचांचं, टोक आर्मच्या मुळाकडच्या बाजूला ठेवा. पैसे वाचतात हे खरं, पण हे काम कीस काढणारं आहे. नवं ब्लेड बसवण्यापेक्षा यालाच जास्त वेळ जातो.

मागच्या काचेचा वायपर असेल तर त्याला सगळेच विसरतात. त्याचा आर्म बहुधा प्लास्टिकचा असतो आणि पुढच्यासारखा पूर्ण उभा राहत नाही, त्यामुळे जितका उचलला जाईल तितकाच उचला. ब्लेड आर्मपासून दूर फिरवलं की एका टप्प्यावर खटकन सुटतं, आणि तसंच दाबलं की बसतं.

चालवून पाहा, आणि आवाज ऐका

कोरड्या काचेवर कधीही नाही. आधी फवारा मारा. फवारा येत नसेल तर टाकी रिकामी असेल किंवा नॉझलच्या भोकात क्षार साठले असतील. बारीक टाचणीने हलकेच मोकळं करा. टाकी भरताना झाकणावरचं वायपरचं चित्र पाहा. घाईत इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत साबणाचं पाणी ओतण्याचे पराक्रम लोकांनी केलेले आहेत. भांड्यांचा साबण टाकीत घालू नका, फेस आणि चिकटा होतो.

नवं ब्लेड असूनही एका दिशेनेच थडथड होत असेल तर दोष ब्लेडचा नाही. आर्मला पीळ पडलाय, म्हणून ब्लेड काचेवर काटकोनात उभं राहत नाही. गॅरेजमध्ये पक्कडीने दोन मिनिटांत सरळ होतं. घरी करायचं तर ब्लेड काढूनच करा. दोन्ही दिशांना कर्रकर्र वाजत असेल तर काचेवर पॉलिशचा थर उरलाय, व्हिनेगरचा प्रयोग पुन्हा करा. एकच बारीक रेघ राहत असेल तर धारेखाली कचरा अडकलाय. मधला रुंद पट्टा पुसलाच जात नसेल तर आर्मची स्प्रिंग मेली असेल किंवा ब्लेडचा बाक त्या काचेला जुळत नसेल. आणि मोटरचा आवाज येतोय पण एकच आर्म हलतोय, तर न हलणाऱ्या आर्मच्या बुडाशी प्लास्टिकच्या टोपीखाली नट असतो, तो ढिला झालाय.

रबराला खोबरेल, व्हॅसलीन, रॉकेल यातलं काहीही लावू नका. दोन दिवस आवाज बंद होतो, मग रबर फुगतं आणि काच कायमची तेलकट होते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा ओल्या कापडाने धार पुसली तरी पुष्कळ झालं. गाडी पुसणारा दादा ‘आज पुसली’ याची खूण म्हणून वायपर उभे करून जातो, त्यालाही सांगून ठेवा: परत टेकवताना हातातून सोडू नकोस म्हणून.

मोटारीला चालू स्थितीतला वायपर असणं कायद्यानेही बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १०१ वा नियम त्याचाच आहे. पण घाटात आरटीओ भेटत नाही, पाऊस भेटतो.

म्हणून जुन्या जोडीतलं त्यातल्या त्यात बरं ब्लेड कागदात गुंडाळून डिकीत ठेवा. वाटेत ड्रायव्हरच्या बाजूचं ब्लेड गेलं आणि हेही नसलं, तर डावीकडचं काढून उजवीकडे लावा. हुक सारखाच असेल तर बसतं. थोडं आखूड पडेल, पण समोरचं दिसेल. डावीकडच्या उघड्या आर्मच्या टोकाला मात्र फडकं घट्ट गुंडाळून दोरीने बांधा, कारण उजवा वायपर फिरला की तोही फिरणारच. आणि दोन्ही गेली तर जुने ट्रकवाले करायचे ते करा: बाजूला थांबून ओल्या काचेवर तंबाखू नाहीतर चिरलेला बटाटा चोळा. पाण्याचे थेंब न राहता पातळ पडदा होतो आणि हळूहळू पुढच्या टपरीपर्यंत पोचता येतं. तंबाखूची पुडी मात्र दुसऱ्याकडून मागून घ्यावी लागते. चिपळूणच्या वाटेवर ती अडचण मला अजून आलेली नाही.